रिपोर्टमध्ये मेरोपेनेम ‘एस’ आहे, मग ही स्वस्तातली गोळी का?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई ५४ वर्षांच्या आहेत. पाळी जाऊन चार वर्षे झाली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि वर्षभरापासून डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. वर्षात चौथ्यांदा लघवीला जळजळ सुरू झाली. पहिल्या दोन वेळी मेडिकलमधून ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलच्या गोळ्या तीन-तीन दिवस घेतल्या, तिसऱ्यांदा सेफिक्झिम पाच दिवस. या वेळी डॉक्टरांनी लघवीचे कल्चर (जंतू वाढवून त्यावर कोणते औषध चालते ते पाहणारी तपासणी) करायला लावले. त्यात ई. कोलाय हा जंतू निघाला, दर मिलिलिटरला एक लाखाहून जास्त, आणि खाली ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असा शेरा. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन १०० मि.ग्रॅ. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, ‘ही जुनी, हलकी गोळी आहे, याला फॅरोपेनेमच लागते.’ पहिल्याच गोळीने मळमळले म्हणून त्यांनी दोन दिवसांपासून औषध थांबवले आहे. आग कमी व्हावी म्हणून घरातले सायट्रेटचे सिरप मात्र चालू आहे. ताप नाही, थंडी नाही, पाठीत-कुशीत दुखत नाही. प्रश्न असा: ‘रिपोर्टमध्ये मेरोपेनेमसमोर सर्वांत लहान आकडा आहे, म्हणजे तेच सर्वांत स्ट्राँग ना? मग अ‍ॅडमिट होऊन तेच घेऊ का, की निदान फॅरोपेनेम?’

उत्तर

ताई, ताप, थंडी, कुशीतले दुखणे यांपैकी काहीही नाही हे तुम्ही आवर्जून लिहिलेत, ते फार बरे केलेत. कोणती गोळी चालेल हे जंतूच्या नावाआधी तो कुठवर पोचला आहे यावर ठरते. फक्त जळजळ, सारखी लागणे, थेंब-थेंब होणे, ओटीपोटात जड वाटणे, म्हणजे भानगड मूत्राशयात आहे. हुडहुडी भरून ताप आला, उलट्या झाल्या, बरगड्यांखाली एका बाजूला ठणका लागला, तर ती किडनीपर्यंत गेली असे धरायचे. तुमची सध्या पहिल्या प्रकारातली आहे. या प्रकारात तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेली गोळी हलकी नाही, नेमकी आहे.

आधी त्या रिपोर्टकडे पाहू, कारण गैरसमजाचे मूळ त्याच्या उजव्या रकान्यात आहे. नायट्रोफ्युरँटॉइनसमोर ‘≤ १६’, अमिकॅसिनसमोर ‘≤ २’, मेरोपेनेमसमोर ‘≤ ०.२५’, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर ‘≥ ४’, कोट्रायमोक्साझोलसमोर ‘≥ ३२०’. हा आकडा म्हणजे एमआयसी. दर मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम औषध असले की या जंतूची वाढ थांबते, एवढेच तो सांगतो. प्रत्येक औषधाची पास-नापासची रेघ वेगळी असते. अमेरिकी निकषांनुसार नायट्रोफ्युरँटॉइनला ३२ किंवा त्याखाली आले की ‘एस’ (म्हणजे औषध चालते), मेरोपेनेमला १ किंवा त्याखाली. एका पेपरला शंभरपैकी आणि दुसऱ्याला दहापैकी गुण असतील, तर नुसते आकडे शेजारी ठेवून हुशार कोण ते ठरत नाही. त्यामुळे दोन औषधांचे एमआयसी एकमेकांशी ताडून पाहायचेच नाहीत.

आता त्या १६ ची खरी किंमत. नायट्रोफ्युरँटॉइन पोटातून शोषली गेली की शरीर ती भराभर लघवीत टाकून देते. रक्तात तिचे प्रमाण एका मायक्रोग्रॅमच्याही खाली राहते, लघवीत मात्र पन्नास ते दीडशेच्या घरात जाते. जंतूला रोखायला सोळा किंवा त्याहून कमी पुरेत आणि तो ज्या पाण्यात पोहतोय त्यात त्याच्या कितीतरी पट औषध आहे. ताकद म्हणतात ती हीच, आणि मर्यादाही हीच. रक्तात आणि किडनीच्या मांसात ही गोळी पुरेशी पोचतच नाही. म्हणून ताप-थंडी असलेल्या रुग्णाला रिपोर्टमध्ये ‘एस’ असली तरी ती द्यायची नसते.

‘जुनी’ हा आक्षेप तर आम्हाला उलटा वाटतो. हे औषध १९५३ पासून वापरात आहे आणि आजही मूत्रमार्गातल्या बहुतेक ई. कोलायवर चालते. जंतूच्या आत गेल्यावर त्याचीच विकरे (एन्झाइम) या औषधाचे तुकडे करतात आणि ते तुकडे त्याच्या प्रथिनांवर, डीएनएवर एकाच वेळी हल्ला करतात. चारी बाजूंनी मार बसत असल्याने एखाद-दुसरा बदल करून जंतूला निसटता येत नाही. ऑफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांचे तसे नाही. ती नेमक्या दोन विकरांवर काम करतात. तिथे थोडा बदल झाला की गोळी निकामी, आणि भारतात ई. कोलायचे हे बदल फार आधीच होऊन बसले आहेत.

‘ईएसबीएल’ या शब्दाने घाबरायला होते, पण त्याचा अर्थ मर्यादित आहे. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या कुळांतली औषधे फोडणारे विकर या जंतूकडे आहे. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम गेली. हे विकर बनवणारे जनुक डीएनएच्या ज्या छोट्या कड्यावर असते त्याच्यावर बहुधा इतर औषधांना चुकवण्याची जनुकेही असतात, म्हणून सिप्रो आणि कोट्रायमोक्साझोलसमोरही तुमच्याकडे ‘आर’ (म्हणजे औषध चालत नाही) दिसतो आहे. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन या कुळांतली नाहीत. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही ‘एस’ आहेत. मूत्राशयापुरत्या संसर्गात, ईएसबीएल असले तरी, ती चालतात.

फॅरोपेनेमचे काय? तुमच्या रिपोर्टमध्ये ते शोधून पाहा, सापडणार नाही. त्याच्यासाठी प्रयोगशाळेकडे पास-नापासची मान्य रेघच नाही, म्हणजे मेडिकलवाला ज्याची खात्री देतोय ते तुमच्या जंतूवर चालेल की नाही हे कागदावर कुठेच नाही. दुसरे, ते मेरोपेनेमच्या नात्यातले औषध आहे. आतड्यात कोट्यवधी जंतू असतात, त्यांतलेच एखाद-दुसरे पुढे मूत्रमार्गात येतात. आज जळजळीसाठी फॅरोपेनेमचा मारा केला की आतड्यात त्याला दाद न देणारे तेवढे उरतात. मग कधी खरोखर किडनीचे इन्फेक्शन होऊन मेरोपेनेम लागेल, त्या दिवशी हातात काय असेल? फॅरोपेनेम आणि सेफिक्झिम दोन्ही ‘शेड्यूल एच-१’ मधली आहेत. १ मार्च २०१४ पासून अशी औषधे चिठ्ठीवरच द्यायची, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. चिठ्ठीवर नसलेले औषध काउंटरवरून सुचवणाऱ्याने तो नियम बहुधा वाचलेला नसावा.

मेरोपेनेम शिरेतून द्यावे लागते. तुम्हाला ते लागत नाही. विषय संपला.

मग पहिल्या गोळीला त्रास का झाला? तुम्ही ती सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर घेतलीत. नायट्रोफ्युरँटॉइन भरल्या पोटी घ्यायची. पोळी-भाजी, भात, दूध, काहीही चालेल, पण जेवणाच्या मध्यात किंवा लगेच नंतर. त्याने मळमळ कमी होते आणि औषध जास्त शोषले जाते, असा दुहेरी फायदा. इथे एक गंमत आहे. आपल्याकडे ‘अँटिबायोटिक गरम पडतात’ म्हणून सरसकट दुधाबरोबर घेण्याची पद्धत आहे. या गोळीला ती मानवते. सिप्रोला मात्र मारक, कारण दुधातले कॅल्शियम तिला पोटातच बांधून ठेवते. कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीचे पातळ औषध यांनीही तेच होते.

पाकिटावर ‘एसआर’ किंवा ‘एमआर’ लिहिले आहे का तेही पाहा. हळूहळू सुटणारी १०० मि.ग्रॅ. गोळी दिवसातून दोनदा असते आणि ती तोडायची, चावायची नाही. साधी ५० मि.ग्रॅ. असेल तर ती दिवसातून चार वेळा घ्यावी लागते. मेडिकलवाल्याने एकीच्या जागी दुसरी दिली आणि वेळा तशाच ठेवल्या, तर डोस निम्म्यावर येतो आणि मग ‘गोळीने गुण आला नाही’ असे आपण म्हणतो.

आणि ते सिरप आधी बंद करा. सायट्रेटने लघवी अल्कधर्मी होते. आग थोडी कमी वाटते, हे खरे. पण नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगली चालते, अल्कधर्मी लघवीत तिचा जोर ओसरतो. दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहिलेली आम्ही वारंवार पाहतो, म्हणून हे इतके ठासून. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेली अ‍ॅसिडिटीची औषधेही या पाच दिवसांत नकोत, ती गोळीला शोषू देत नाहीत. आगीसाठी पॅरासिटामॉल घ्या, पोटाच्या खालच्या भागाला गरम पाण्याची पिशवी लावा. धन्या-जिऱ्याचे पाणी प्यायला हरकत नाही. ते पाणी म्हणून उपयोगी, औषध म्हणून नाही.

आज डॉक्टरांना फोन करून दोन दिवस खंड पडल्याचे सांगा. त्यांची हरकत नसेल तर जेवणानंतर गोळी सुरू करा आणि पाच दिवस आजपासून मोजा. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी दिसेल, तो औषधाचा रंग आहे. मात्र लघवी कोकमाच्या आगळासारखी लालकाळी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांत या औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात. घरात कुणाला तशी कमतरता निघाली असेल तर आधीच सांगायचे. नवा कोरडा खोकला आणि ताप सुरू झाला तरी थांबायचे. फुफ्फुसाची प्रतिक्रिया क्वचित येते, पण येते.

ही गोळी किडनीच्या वाटेने काम करते, म्हणून किडनी चालती हवी. रक्तातले क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) १.१ म्हणजे ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देऊ नका, वयाशी घालून पाहा. तुमच्या वयाच्या बाईत १.१ म्हणजे ईजीएफआर (किडनी किती वेगाने गाळते याचा अंदाज) साधारण ५९, चालेल. तेच ७८ वर्षांच्या सासूबाईंचे क्रिएटिनिन १.४ असेल तर ईजीएफआर ३८ च्या आसपास येतो. ४५ च्या खाली ही गोळी सहसा टाळतात, ३० ते ४४ मध्ये दुसरा पर्याय नसेल तरच थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत. ३० च्या खाली नाहीच: लघवीत पुरेशी उतरत नाही आणि शरीरात साठून मज्जातंतूंना त्रास देते.

जेवणानंतर घेऊनही मळमळ थांबली नाही तर डॉक्टरांना फॉस्फोमायसिनबद्दल विचारा. तीन ग्रॅमची एकच पुडी. अर्धा ग्लास साध्या पाण्यात विरघळवायची, गरम पाण्यात नाही, आणि लगेच प्यायची. जेवणानंतर दोन-तीन तासांनी, रात्री झोपण्याआधी लघवी करून घेतली तर सर्वांत बरे, कारण औषध रात्रभर मूत्राशयात राहते. परिणाम दोन-तीन दिवस टिकतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आग थांबली नाही म्हणून लगेच दुसरी पुडी फोडायची नाही. एका डोसात काम, हे मोहक आहे खरे. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत चार आठवड्यांनी पूर्ण बऱ्या झालेल्या बायका पाच दिवसांच्या नायट्रोफ्युरँटॉइनने ७० टक्के होत्या, एका फॉस्फोमायसिनने ५८ टक्के. म्हणून आमच्या मते तुमच्या डॉक्टरांचा क्रम बरोबर आहे. जंतू क्लेब्सिएला असेल तर फॉस्फोमायसिनचा भरवसा कमी, आणि प्रोटियस असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन चालतच नाही. जंतूचे नाव वाचायचे ते यासाठी.

तुमच्या इतर गोळ्यांकडे पाहिले की आधीच्या दोन कोर्सबद्दल काळजी वाटते. ऑफ्लॉक्सॅसिनच्या कुळातली औषधे ग्लिमेपिराइडबरोबर साखर एकदम खाली आणू शकतात. त्या दिवसांत घाम फुटला, हात थरथरले असे काही झाले होते का, आठवून पाहा. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्येच सांगितले की साध्या मूत्राशयाच्या संसर्गात दुसरा पर्याय असताना ही औषधे देऊ नयेत. स्नायूबंध तुटणे, मज्जातंतूंना इजा असे दुष्परिणाम त्यामागे आहेत. जोडीचे ऑर्निडॅझोल अमिबा आणि प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंसाठी असते, ते तुमच्या लघवीत काय करत होते कोण जाणे. ती जुलाबावरची जोडगोळी आहे. कोट्रायमोक्साझोल तुमच्या जंतूवर चालतच नाही, पण पुढे कधी कुणी सुचवले तर टेल्मिसार्टन चालू असल्याचे सांगा. दोन्ही मिळून रक्तातले पोटॅशियम वाढवतात.

आता एक अवघड प्रश्न. वर्षात चार वेळा इन्फेक्शन झाले असे तुम्ही म्हणता. कागदावर सिद्ध झालेले एकच आहे. पहिल्या तीन वेळी तपासणीच झाली नाही. डॅपाग्लिफ्लोझिन लघवीतून साखर बाहेर टाकते, आणि त्या साखरेवर योनीमार्गाच्या तोंडाशी बुरशी पोसली जाते. तिचीही आग होते, लघवी त्या जागेवरून गेली की झोंबते. फरक असा: बुरशीत खाज जास्त, बाहेरून लाली, दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा स्राव, आणि सारखी लघवीला लागत नाही. जंतुसंसर्गात आग आत, सारखी घाई, ओटीपोटात दुखणे. त्या तीनांपैकी एखाद-दोन वेळा बुरशीच असेल, तर अँटिबायोटिकने ती कमी नाही, वाढलीच असेल. स्वतःहून डॅपाग्लिफ्लोझिन बंद करू नका, पण मधुमेहाच्या डॉक्टरांपुढे ही शंका जरूर मांडा.

दुसरे कारण पाळी जाण्याचे. इस्ट्रोजेन कमी झाले की योनीतले चांगले जंतू कमी होतात आणि आतड्यातल्या ई. कोलायला जागा मोकळी मिळते. योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम, सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा, वारंवार होणारे संसर्ग कमी करते. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि बायका महिन्याभरात कंटाळून सोडतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायचे. पाण्याबद्दलही पुरावा आहे: रोज दीड लिटरहून कमी पिणाऱ्या, पाळी चालू असलेल्या बायकांनी आणखी दीड लिटर वाढवले तेव्हा संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. तुमच्या वयाचा हा अभ्यास नाही, पण ऑफिसच्या स्वच्छतागृहाची कटकट नको म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या कुणालाही तो लागू पडावा. आणि एकदा सोनोग्राफी करून लघवी झाल्यावर किती शिल्लक राहते ते पाहून घ्या. जुन्या मधुमेहात मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, आणि साठलेल्या पाण्यात काय वाढते ते सांगायला नको.

हे वाचून दुसऱ्या कुणी स्वतःसाठी गोळी ठरवू नये म्हणून दोन ओळी. पुरुषांत प्रोस्टेटची शंका असते आणि नायट्रोफ्युरँटॉइन तिथे पोचत नाही, त्यामुळे त्यांचे औषध आणि दिवस वेगळे. गरोदरपणात त्रास नसतानाही लघवीतले जंतू मारावे लागतात, पण शेवटच्या आठवड्यांत नायट्रोफ्युरँटॉइन नको आणि सिप्रोचे कूळ तर कधीच नको.

गोळी सुरू केल्यावर दोन दिवसांत आग बरीच उतरायला हवी. तिसऱ्या दिवशीही तशीच असेल तर दुसऱ्या गोळीकडे उडी न मारता पुन्हा कल्चर. उतरली तर पाच दिवसांनी ‘खात्री करायला’ कल्चर करू नका. त्रास नसताना लघवीत जंतू सापडणे तुमच्या वयात आणि मधुमेहात नेहमीचे आहे, त्यावर औषध लागत नाही. रिपोर्ट हातात आला की मात्र कुणीतरी औषध देतेच.

पुढच्या वेळी जळजळ सुरू झाली तर पहिली गोळी पोटात जाण्याआधी नमुना डबीत जायला हवा. लॅबमधून निर्जंतुक डबी आणून घरात ठेवा. पुढून मागे पाण्याने धुवायचे, पहिली धार सोडून द्यायची, धार न थांबवता मधली डबीत धरायची. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचली पाहिजे. रात्र असेल तर फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात नव्हे तर आत मागे, पिशवीत बांधून ठेवायची आणि सकाळी लॅब उघडताच द्यायची. डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहायची. गेल्या तीन महिन्यांत कोणती अँटिबायोटिक घेतली ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या, आणि ड्रॉवरमधल्या त्या उरलेल्या ऑफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या आजच काढून टाका.